आधी पाय रोवा, मग आवाज काढा : कुंग फूच्या वर्गात शिकलेले धडे



मागच्या महिन्यात जिंतूर तालुक्यातल्या एका गावात गटाच्या बैठकीला गेले होते. बचत जमा झाली, हप्ते झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या. उठायच्या वेळी एक काकू हळूच म्हणाल्या, "मॅडम, आमची पोरगी दहावी पास झाली. मार्कं बी चांगले पडले. पण आता आम्ही स्थळ बघायलोत."

मी विचारलं, "का काकू? अकरावीला घाला की."

त्या म्हणाल्या, "कॉलेज तालुक्याला. रोज जायचं-यायचं. काळीपिवळीत कोण बसतं, कोण नाही, आपल्याला काय ठावं? काही झालं तर तोंड दाखवायला जागा राहत नाही. लग्न लावलं की आपली जबाबदारी संपली."

बाकीच्या बाया गप्प होत्या. कोणी "नाही" म्हणालं नाही, कारण प्रत्येकीच्या मनात तीच भीती होती. एमएसडब्ल्यूला दोन वर्षं जे शिकले, त्यातलं काय सांगावं हे मला त्या क्षणी सुचेना. कायदा सांगितला, तर काकू मान हलवतील आणि घरी जाऊन तेच करतील. मग मी सांगितलं की कॉलेजात असताना दीड वर्ष मी कुंग फू शिकले. सगळ्या खळखळून हसल्या. एक मावशी म्हणाल्या, "ते टीव्हीत हाऽ हूऽ करत्यात ते?"

हो, तेच. पण तिथं मी जे शिकले ते टीव्हीत दिसत नाही. त्या दिवशी वेळ थोडा होता, म्हणून या अंकात सविस्तर लिहिते. पुढच्या बैठकीत कोणीतरी हे मोठ्यानं वाचून दाखवा.

धडा पहिला : आधी उभं राहायला शिका

मी वर्गात गेले तेव्हा वाटलं होतं, आठ दिवसांत लाथ मारायला शिकवतील. पहिले दोन आठवडे आम्ही फक्त उभ्या राहिलो. पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकवायचे, गुडघे वाकवायचे, पाठ सरळ ठेवायची, जणू घोड्यावर बसलोय. चिनी भाषेत याला 'मा बू' म्हणतात. अर्ध्या मिनिटात मांड्या थरथरायला लागायच्या. आम्ही पंधरा-सोळा मुली होतो, त्यातल्या चार तर पहिल्याच आठवड्यात सोडून गेल्या.

'कुंग फू' या चिनी शब्दाचा मूळ अर्थ मारामारी असा नाहीच. वेळ देऊन, मेहनत करून अंगी बाणवलेलं कोणतंही कसब म्हणजे कुंग फू. चांगला स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या हाताला कुंग फू आहे, असं तिकडं म्हणता येतं. आपण भाकरी थापायला शिकलो तेव्हा पहिली भाकरी कशी झाली होती? कडा फाटलेल्या, मध्ये जाड, तव्यावर टाकताना दुमडलेली. कोणी पुस्तक वाचून भाकरी शिकलं नाही. रोज थापत गेलो, हात बसला.

गटाचंही तसंच झालं. पहिल्या वर्षी शंभर-शंभर रुपये टाकताना घरचे म्हणायचे, यानं काय होणार? नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित नोंदी. ही पंचसूत्री म्हणजे आपली 'मा बू' आहे. दिसायला साधी, पण तिच्याशिवाय पुढचं काही उभं राहत नाही. म्हणून तीन दिवसांत मुलींना स्वतःचं रक्षण करायला शिकवतो असं कोणी म्हणालं, तर सावध राहा. तीन दिवसांत ओळख होते, सवय लागत नाही.

धडा दुसरा : जोडीदाराशिवाय शिकता येत नाही

कुंग फूचा अर्धा सराव जोडीनं असतो. एकीनं ठोसा मारायचा, दुसरीनं तो अडवायचा. माझी जोडीदार वर्गातली सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात अबोल मुलगी होती. सुरुवातीला ती मला लागू नये म्हणून हात अर्ध्यावरच थांबवायची. सर तिला म्हणाले, "तू हात पोचवलाच नाहीस तर ही अडवायला शिकणार कशी? तू हिच्यावर दया करत नाहीयेस, हिचं नुकसान करतीयेस."

माझी चूक उलटी होती. मला चांगलं जमायला लागलं तसा माझा तोरा वाढला. एके दिवशी सगळ्या बघत होत्या म्हणून मी जोर लावला. तिचा ओठ फुटला. ती काही बोलली नाही, ओढणीनं रक्त पुसलं आणि निघून गेली. पुढं चार दिवस आली नाही. सर मला एवढंच म्हणाले, "आता तू कोणाबरोबर शिकणार?" पाचव्या दिवशी मी तिच्या खोलीवर गेले, माफी मागितली. ती परत आली, पण महिनाभर माझा हात उठला की डोळे मिटायची. माझ्या एका ठोशानं तिचा महिन्याभराचा सराव मागं गेला.

गटात आपण या दोन्ही चुका करतो. एखादीचा हप्ता तीन महिने थकला तरी 'कशाला वाईटपणा घ्यायचा' म्हणून कोणी बोलत नाही. हा झाला अर्ध्यावर थांबवलेला हात. नाहीतर भर बैठकीत तिला असं बोलतो की ती पुन्हा येतच नाही. हा झाला फुटलेला ओठ. खरी जोडीदार खरं बोलते, पण समोरची उद्याही यायला हवी हे लक्षात ठेवून बोलते.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. कुंग फूच्या परंपरेत बरोबर शिकणाऱ्यांना घरातल्या नात्यांनी हाक मारतात. आपल्या आधी आलेली मुलगी 'शिजे', म्हणजे गुरुघरची मोठी बहीण. वय नाही, आधी कोण शिकायला आलं ते बघतात. नव्या मुलीला उभं कसं राहायचं हे दाखवायचं काम मोठ्या बहिणीचं. आपल्या गटातही नवी सून आली की तिला रजिस्टर कसं वाचायचं, सही कुठं करायची हे जुनी ताईच शिकवते ना?

धडा तिसरा : हातापेक्षा आवाज आधी

आमच्या वर्गात ठोसा मारताना ओरडावं लागायचं. पोटातून, मोठ्यानं. ठोसे सगळ्यांना जमले, ओरडणं जमेना. लहानपणापासून "हळू बोल, पोरीच्या जातीनं एवढ्या मोठ्यानं हसू नये" हेच ऐकत आलेल्या मुली आम्ही. तोंड उघडायचं, आवाज घशातच राहायचा. माझ्या जोडीदाराला तर महिनाभर साधं "ए!" म्हणता येत नव्हतं.

नंतरची गोष्ट. आम्ही दोघी एसटीनं गावाकडं निघालो होतो. बस खच्चून भरलेली. मी खिडकीशी, ती कडेला. वडिलांच्या वयाचा एक माणूस तिच्या अंगावर रेलत होता. बस हलली की जास्त रेलायचा. मला दिसत होतं. वर्गात माझी लाथ सगळ्यात उंच जायची, पण त्या वेळी माझे हातपाय गार पडले. मनात म्हटलं, गर्दी आहे, चुकून होत असेल.

आणि ती बोलली. पाठ सरळ केली, त्या माणसाच्या तोंडाकडं बघितलं आणि अख्ख्या बसला ऐकू जाईल असं म्हणाली, "काका, मागं सरका. अंगावर येऊ नका." सगळ्या माना वळल्या. एक आजी म्हणाल्या, "काय रे बाबा, लेकीसारखी हाये ती." कंडक्टरनं त्याला पुढं नेऊन उभं केलं. ना ठोसा, ना लाथ. चार-पाच शब्द आणि एक सरळ पाठ.

उतरल्यावर मी तिला विचारलं, तुला सुचलं कसं? ती म्हणाली, "सुचलं नाही. रोज ओरडून ओरडून तोंडाला सवय लागली होती." हे वाक्य मी विसरले नाही. घाबरल्यावर माणसाला नवं काही सुचत नाही, जी सवय असते तीच बाहेर येते. आपल्या लेकींना आपण कोणती सवय लावतोय, गप्प बसायची की बोलायची? आणि मला अजून एक गोष्ट लागून राहिली आहे. मी शेजारी असून गप्प बसले. ती एकटी बोलली. दोघी बोललो असतो तर तिला तेवढी हिंमत एकटीनं गोळा करावी लागली नसती.

धडा चौथा : समोरचा माणूस ओळखीचा असेल तर?

वर्गात आम्ही नेहमी अनोळखी माणूस डोळ्यापुढं आणायचो. अंधारी गल्ली, मागून कोणीतरी येतंय. एकदा एका शिजेनं विचारलं, "आणि तो तुमच्या घरी चहा प्यायला येणारा माणूस असेल तर?" वर्ग चिडीचूप.

तिचा प्रश्न बरोबर होता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत दिसतं की बलात्काराच्या नोंद झालेल्या गुन्ह्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त गुन्ह्यांत आरोपी हा त्या बाईच्या किंवा मुलीच्या ओळखीचाच असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, काम देणारा. म्हणजे रस्त्याची भीती आपण जेवढी बाळगतो, तेवढी उघड्या डोळ्यांनी घरच्या अंगणाकडं बघत नाही. अनोळखी माणसाला ओरडणं एक वेळ सोपं. नात्यातल्या माणसाला "मला हात लावू नका" म्हणणं अवघड, कारण पुढचा विचार येतो, आईला काय वाटेल, घरात भांडण होईल.

याच गोष्टीवर भर देणारं एक प्रशिक्षण कॅनडातल्या तीन विद्यापीठांत झालं. त्याचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ८९३ विद्यार्थिनी होत्या. काहींना फक्त माहितीपत्रकं दिली. काहींना १२ तासांचं प्रशिक्षण दिलं, ज्यात ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका कसा ओळखायचा, संकोच सोडून नाही कसं म्हणायचं आणि वेळ आली तर अंगानं प्रतिकार कसा करायचा, हे होतं. वर्षभरानंतर बघितलं, तर माहितीपत्रकं मिळालेल्या शंभर मुलींमागं सुमारे दहा जणींवर बलात्कार झाला होता, आणि प्रशिक्षण घेतलेल्यांत सुमारे पाच जणींवर. प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. शून्य झालं नाही, हेही लक्षात घ्या.

म्हणून घरात लेकीला आधी हे सांगा : "कोणीही असो, मामा असो की मास्तर, तुला नको वाटलं तर नाही म्हण. मला येऊन सांग. मी तुझ्यावर विश्वास ठेवीन." आईनं एवढं म्हटलं तरी मुलीच्या पायाखाली जमीन येते.

धडा पाचवा : पळणं हाही डावच

सर पहिल्या दिवसापासून सांगायचे, सगळ्यात चांगला डाव म्हणजे तिथं नसणं. दोन हात अंतर ठेवा, दार कुठं आहे ते बघा, संधी मिळाली की पळा. जिंकायचं नाही, घरी सुखरूप पोचायचं.

इथं मला एक स्पष्ट लिहायचं आहे. एखाद्या बाईला मार बसला, त्रास झाला, तर दोष मारणाऱ्याचाच. 'तिनं कराटे शिकायला पाहिजे होतं' असं कोणी म्हणू नये. आणि घरात नवरा मारत असेल, तर दोन डाव शिकून त्याला उत्तर द्या असंही मी सांगत नाही, त्यात जीव जाऊ शकतो. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, सखी वन स्टॉप सेंटर आहे. महिलांसाठी १८१, लेकरांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे नंबर रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता काकूंच्या प्रश्नाकडं

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९-२१ मध्ये झालं. त्यानुसार आपल्या परभणी जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या शंभर बायांपैकी ४८ जणींचं लग्न १८ वर्षं पूर्ण व्हायच्या आत झालं होतं. महाराष्ट्राचं प्रमाण शंभरात २२ च्या आसपास आहे. म्हणजे आपण राज्याच्या दुपटीच्या पुढं आहोत. यामागं गरिबी आहे, ऊसतोडीला जाणं आहे, हुंडा आहे. पण बैठकीत बसल्यावर सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतं ते कारण म्हणजे भीती.

लग्न लावल्यानं ती भीती संपते का? सोळाव्या वर्षी बाळंतपण, अंगात रक्त कमी, हातात शिक्षण नाही, सासरी काही झालं तर बोलायची सवय नाही. धोक्याची जागा बदलते, धोका तसाच राहतो.

दक्षिण चीनमध्ये 'विंग चुन' नावाचा कुंग फूचा एक प्रकार आहे. त्याची दंतकथा अशी सांगतात : एक गावगुंड एका तरुण मुलीशी जबरदस्तीनं लग्न करायला निघाला. एका भिक्षुणीनं त्या मुलीला आपली विद्या शिकवली. शिकून झाल्यावर तिनं त्याला लढतीत हरवलं आणि लग्न टळलं. या प्रकाराला त्या मुलीचंच नाव पडलं. गोष्ट खरी असो वा नसो, मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. एका मोठ्या बाईनं मुलीला वेळ मिळवून दिला आणि त्या वेळात तिला तयार केलं. आपल्या लेकींना तेवढंच हवंय, दोन-तीन वर्षांचा वेळ.

हे आपल्याकडंही जमतं. कुंग फूतूनच पुढं 'वुशू' हा खेळ आला. त्यात मणिपूरच्या रोशिबिना देवीनं २०२३ मध्ये चीनमधल्या हांगझोऊ इथं झालेल्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं. ती शेतकऱ्याची लेक आहे.

आपण काय करू शकतो?

१. शाळेत विचारा. समग्र शिक्षा अभियानात 'राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण' आहे. सहावी ते बारावीच्या मुलींसाठी, तीन महिन्यांचं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. त्यात आपल्याच गटातल्या बाया आहेत. पुढच्या सभेत विचारा, आपल्या शाळेत हे झालं का? झालं असेल तर किती दिवस? नसेल तर कधी होणार? ठराव लिहून घ्या.

२. ग्रामपंचायतीत मागा. उत्पन्नातला १० टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी असतो. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडंही मुलींच्या स्वसंरक्षण प्रशिक्षणाची योजना असते. आधी महिला ग्रामसभेत विषय घ्या, ग्रामसंघाचं पत्र द्या, पोच घ्या.

३. प्रशिक्षक पारखून घ्या. शक्यतो बाई असावी, पुरुष असेल तर वर्गात एक महिला हजर असावी. आयांना कधीही येऊन बघता आलं पाहिजे. हात लावण्याआधी तो सांगतो का, विचारतो का, हे बघा. मुलींना रागावून, लाजवून शिकवत असेल तर दुसरा शोधा.

४. मुलींच्या जोड्या लावा. एकाच बसनं जाणाऱ्या मुलींची यादी गटात करा. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. बसची वेळ कॉलेजला जुळत नसेल तर ग्रामसंघाच्या लेटरहेडवर आगारप्रमुखांना अर्ज द्या.

५. बालविवाह ठरतोय असं कळलं तर गप्प बसू नका. गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. १०९८ वर कळवलं तरी चालतं.

बैठकीत करायचा दहा मिनिटांचा सराव

गोल करून उभ्या राहा. गरोदर बाया आणि गुडघेदुखी असलेल्यांनी वाकू नये, नुसतं सरळ उभं राहावं.

पहिलं, पाय फाकवून, गुडघे थोडे वाकवून वीस आकडे मोजेपर्यंत उभ्या राहा. पदर खोचून घ्या, चप्पल काढा.

दुसरं, दोन्ही हात छातीसमोर, तळवे पुढं. पोटातून ओरडा : "थांब!" सुरुवातीला हसू येईल. येऊ द्या. तिसऱ्या वेळी हसू जातं.

तिसरं, जोड्या करा. एकीनं हळूहळू पुढं चालत यायचं. दुसरीला जिथं नको वाटेल तिथं तिनं "तिथंच थांबा" म्हणायचं. पहिलीनं लगेच थांबायचं. मग अदलाबदल करा. लेकींनाही बोलवा. सासू-सुनेची जोडी लागली तर फारच छान.

नंतर बसून एका प्रश्नावर बोला : मला शेवटचं 'नाही' म्हणावंसं वाटलं पण म्हणता आलं नाही, ते कधी?

त्या काकूंचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. घरात अजून नक्की ठरलेलं नाही. काकांचं म्हणणं आहे, स्थळ चांगलं आहे. पण परवा काकूंचा फोन आला होता. विचारत होत्या, "मॅडम, गावातल्या अजून दोन पोरी अकरावीला चालल्यात म्हणे. तिघी मिळून गेल्या तर?" मी म्हटलं, काकू, येत्या बैठकीत तिघींच्या आयांना बोलवा, मी येतेच. पासचे फॉर्म घेऊन येते.

तुमच्या गावातही अशा तिघी असतील. कोणाची लेक या वर्षी दहावी झाली, याची यादी या महिन्याच्या बैठकीत करा आणि पुढच्या बैठकीत माझ्याकडं द्या.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक, परभणी